डोक्यावरून आणलेलं वावर

त्या दिवशी कितीतरी काळानंतर मला माझ्या स्वतःच्या चालण्याचा आवाज ऐकू आला. मार्गशीर्षातली सकाळ होती. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा आणि नुकत्याच उपटलेल्या सांभाराचा वास होता (कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांभारच म्हणतात), आणि पायाखाली मुरमाचे खडे करकरत होते. आधी मला वाटलं, मागून कुणी येतं आहे. सवयीनं मी अंग चोरून वाटेच्या कडेला झाले आणि श्वास रोखून मागे वळून पाहिलं. मागे कुणीही नव्हतं. झेंडूचे पिवळे ताटवे होते, त्यांच्यापलीकडे कोवळ्या उन्हात थरथरणारं पाणी होतं, आणि पाण्याच्या काठाशी एका पायावर उभा असलेला, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा एक बगळा होता. ती करकर माझ्याच चपलांची होती, आणि तिच्यामधून उमटणारा जाड, कोरडा ठोका माझ्या काठीचा.

राजापेठेत राहणाऱ्या माणसाला आपली पावलं ऐकू येत नाहीत. अमरावतीच्या त्या गजबजलेल्या भागात, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं घर आहे. खाली दुकानं, समोर शिकवणीचे वर्ग. वर्ग सुटले की दुचाकींचा जो लोंढा रस्त्यावर फुटतो, त्याच्या कर्कश स्वरांत आमचे सकाळ-संध्याकाळचे प्रहर मोजले जातात. मी याच घरात संसार केला, इथूनच रोज शाळेत जाऊन मुलांना संस्कृत शिकवलं, इथेच निवृत्त झाले. त्या कोलाहलाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. जिवंत वस्तीला श्वास असतो आणि श्वासाला आवाज असतो, असं मी माहेरी अकोल्याला गेले की मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी भाजी घेऊन रस्ता ओलांडताना एका भरधाव दुचाकीनं मला उडवलं. चालवणारा थांबला नाही. माझ्या खुब्याचं हाड मोडलं. त्या क्षणाची माझी आठवण फार तुटक आहे: वर विजेच्या तारांनी चिरलेलं जांभळट आकाश, रस्त्यावर घरंगळत गेलेले टोमॅटो, आणि माझ्या डोक्याखाली कुणीतरी सारलेला एक खरबरीत, मातीचा वास येणारा तळहात. तो तळहात वच्छलाचा होता. कोपऱ्यावर भाजीचा ढीग मांडून बसणारी ही माळीण मला वर्षानुवर्षं ओळखीची होती, पण आमची ओळख वांग्यांच्या आणि मेथीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. त्या संध्याकाळी ती आपली भाजी तशीच उघड्यावर टाकून भर रस्त्यात मांडी घालून बसली, माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि भोवती जमलेल्या गर्दीवर ओरडली, "पाहून काय राहिले रे? तमाशा हाये का? ऑटो आना!"

शस्त्रक्रिया झाली, खुब्यात पोलादाची सळई बसवली. महिन्यांनी मी उभी राहिले, मग काठी घेऊन चालू लागले. डॉक्टर म्हणाले, आता चाला, जितकं चालाल तितकं चांगलं. पण घर म्हणालं, जपून. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. त्यांनी माझी जी शुश्रूषा केली तिला तोड नाही. पुण्याहून मुलगा रोज फोन करी आणि त्यांना बजावी, "बाबा, आईला एकटीला सोडू नका." त्यांनी सोडलं नाही. भाजी फोनवर येऊ लागली, औषधं दारात येऊ लागली, देवळातला प्रसादसुद्धा कुणीतरी आणून देऊ लागलं. मी उंबऱ्यापाशी चपला घातल्या की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवीत आणि मृदू स्वरात विचारीत, "काय हवं आहे? मी आणतो." काय हवं आहे हे मला सांगता येत नसे. मला फक्त जायचं असे. प्रेमानं लावलेली कडी आतून उघडत नाही, हे मला त्या दोन वर्षांत हळूहळू उमगत गेलं.

वच्छला मात्र येत राहिली. भाजी विकून झाली की जिना चढून वर यायची, उरलेली पालकाची जुडी ओट्यावर ठेवायची आणि जमिनीवर ऐसपैस बसायची. तिच्याच तोंडून मी त्या बेटांविषयी ऐकलं. तिवस्याच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत गेलं की धरणाचं पाणी लागतं, आणि त्या पाण्यात तीन टेकड्या वर राहिल्या आहेत. पावसाळ्यापासून फाल्गुनापर्यंत चोहोबाजूंनी पाणी. तिथे तिचं घर आणि मळा.

एके दिवशी खिडकीतून खालचा रस्ता पाहत मी गप्प बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमी आमच्याकडं या. आमच्या बेटावर गाडी नाही, फटफटी नाही, सायकल बी नाही. कोन धडकते तुमाले, पाहू तरी!"

त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं, की मी वच्छलाकडे जाणार आहे. परवानगी मागितली नाही. माझ्या आवाजातला तो बदल यांच्याही ध्यानात आला असावा, कारण घास हातातच राहिला.

"नावेत बसणार? या पायानं?"

"नावेत पायानं बसत नाहीत," मी म्हटलं.

ते रागावले. इतक्या वर्षांच्या सहवासात मी त्यांना इतकं रागावलेलं क्वचितच पाहिलं होतं, आणि त्या रागाच्या तळाशी निव्वळ भय आहे हे दिसत असूनही मी त्या वेळी नमले नाही. नमण्याची मला सवय झाली होती, आणि सवयीची लाज वाटू लागली होती. दोन दिवस घरात अबोला राहिला. तिसऱ्या सकाळी त्यांनी मुकाट्यानं गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "काठापर्यंत मी सोडतो."

तिवस्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं पिवळ्या फुलोऱ्यात बुडालेली होती, वेचणीला आलेला कापूस जागजागी फुटून चांदण्यासारखा सांडला होता, आणि संत्र्याच्या बागांजवळून जाताना बंद काचांतूनही तो आंबटगोड, जिभेला ओल आणणारा वास आत येत होता. आमच्या वऱ्हाडाला सौंदर्याचं मोठं वैभव नाही म्हणतात. म्हणोत बापडे. हिवाळ्यातल्या सकाळी या काळ्या मातीवर तिरपं ऊन पडतं, तेव्हा ती गर्भार बाईच्या चेहऱ्यासारखी तुकतुकीत दिसते. ते पाहायला डोळे हवेत आणि डोळ्यांना मोकळीक हवी.

काठाशी वच्छलाचा मुलगा गजानन डोंगा घेऊन उभा होता, सपाट तळाची लहानशी लाकडी नाव. त्यानं मला हात देऊन आत बसवलं आणि यांच्याकडे पाहिलं. हे जागचे हलले नाहीत. मग पाण्याकडे न पाहता म्हणाले, "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून."

हे मला माहीत नव्हतं. ज्यांनी दोन वर्षं माझी भीती माझ्या वतीनं वाहिली, ते स्वतःच्या भीतीपाशी येऊन एखाद्या लहान मुलासारखे उभे राहिले होते. "मी इथंच थांबतो," ते म्हणाले. दिवसभर? मी विचारलं. त्यांनी मान डोलावली. माझं मन क्षणभर पातळ झालं, आणि तरीही मी गजाननला म्हटलं, "चल."

डोंगा काठापासून सुटला आणि जगाचा आवाज मागे पडत गेला. वल्ह्याचा पाण्यातला चुबुक चुबुक नाद, दूर कुठे टिटवीची हाक, बस्स. तीन टेकड्या हळूहळू जवळ येऊ लागल्या. पूर्वी त्यांना नावं अशी नव्हतीच. बरड म्हणत, मोठं बरड, लहान बरड आणि ज्याच्या माथ्यावर निंबाखाली एका पिराची मजार आहे ते पिराचं बरड. बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड, ज्यावर कुसळाखेरीज काही उगवत नाही अशी जमीन. खालच्या खोऱ्यात गाव होतं आणि सोन्यासारखी काळी माती होती. धरण झालं, पाणी चढत आलं, काळी माती पाण्याखाली गेली, गाव उचलून दुसरीकडे वसवलं गेलं. ज्यांची जमीन पाण्याच्या रेषेच्या वर राहिली त्यांना कुणी हलवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. वच्छलाच्या सासरचं मोठं बरड असं वर राहिलं. जे नको होतं तेवढंच उरलं.

ही हकीकत वच्छलानं मला मळ्यातून हिंडवताना सांगितली. मी आश्चर्यानं भोवती पाहत होते. बरड कुठे होतं? तिथे वांगी होती, पालक होता, सांभाराचे वाफे होते, झेंडू होता, आणि सगळ्यांच्या मुळाशी लोण्यासारखी काळीभोर माती होती. ती खाली वाकली, मूठभर माती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हे खालचं वावर हाये, बाई. पान्याखालचं."

मला समजलं नाही. मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, तेव्हा खालच्या उतारांवर गाळ उघडा पडतो. नवी नवरी होऊन ती या घरात आली त्या पहिल्या वैशाखात सासूनं तिच्या हातात टोपली दिली. सासू पुढे, ती मागे. भर उन्हात खाली उतरायचं, गाळ भरायचा, टोपली डोक्यावर घ्यायची आणि मुरूम तुडवीत वर चढायचं. दर उन्हाळ्यात. पहिली काही वर्षं पावसानं ती माती पुन्हा वाहून पाण्यात नेली. मग त्यांनी दगडांचे बांध घातले. नव्या गावातले लोक काठावर उभे राहून हसत.

"म्हनत, येडे झाले हे लोक. सासू म्हने, हासू दे त्याइले. आपलं वावर बुडालं ना? मंग आपनच त्याले वर आनू. आन् आनलं, बाई. अख्खं वावर डोक्यावर आनलं."

हे सांगताना तिच्या स्वरात अभिमान नव्हता, कारुण्यही नव्हतं. दार घट्ट बसत नव्हतं, रंधा मारला, बसलं, असं सांगावं तसं ती सांगत होती. माझ्या हातातल्या त्या मातीकडे मी पाहत राहिले. आयुष्यभर मी मुलांना धैर्याची सुभाषितं घोकायला लावली होती. त्या मुठीत धैर्याचं वजन होतं, आणि ते ओलं होतं, थंड होतं, त्यात एक गांडूळ वळवळत होतं.

त्यानंतर मी तिला म्हटलं, "आता मला एकटीला फिरू दे." ती हसली आणि कामाला लागली. मी त्या बेटाला वळसा घातला. चढ होता, उतार होता, एके ठिकाणी खडी सरकून माझा तोल गेला आणि मी बाभळीच्या फांदीला धरून उभी राहिले. तळव्यात काटा गेला. तो काढताना आलेल्या रक्ताच्या थेंबाकडे पाहून मला विलक्षण आनंद झाला. हा काटा मला माझ्या चालण्यानं मिळाला होता. कुणी आणून दिलेला नव्हता.

दुपारी घरासमोरच्या बोरीखाली आम्ही जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. वाढत होती गजाननची बायको पूनम, उंच, सावळी, कमी बोलणारी. माझं माहेर अकोला, हे कळताच मात्र तिचा चेहरा उजळला. "मी पातूरची," ती म्हणाली, "पन शिकली अकोल्यात. नर्सिंग केलं." मी काही विचारणार इतक्यात वच्छलानं तिला पाणी आणायला पिटाळलं.

जेवणं आटोपत होती तेव्हा पाण्यावरून इंजिनाची घरघर ऐकू आली. ती इतकी परकी वाटली, की बोरीवरचे पोपटसुद्धा उडाले. दोन माणसं उतरून वर आली. एक जण नकाशाची गुंडाळी घेऊन मागे उभा राहिला. दुसरा, गुळगुळीत दाढी केलेला, अतिशय नम्र, खाटेवर बसून बोलू लागला. हे लोक आधीही येऊन गेले होते, हे वच्छलाच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना तिन्ही बेटं हवी होती. काठापासून भराव घालायचा, रस्ता करायचा, तो तिन्ही बेटांना जोडायचा. वर हॉटेल, खोल्या, वाहनतळ. नागपूर-अमरावतीचे लोक सुटीत येतील.

"गाडी थेट दारात येईल, मावशी. डोंग्याची कटकट संपली. आणि तुम्हाला कुठं जायचंच नाही. तुमच्या सुनेला, मुलाला आम्ही कामावर घेऊ."

"आमच्याच वावरात आमीच कामावर?" वच्छला म्हणाली. "जमनार नाही. मागच्या खेपेले बी सांगतलं."

तेव्हा तो माझ्याकडे वळला. माझी शहरी साडी, माझा चष्मा, माझी काठी, सगळं त्यानं एका नजरेत टिपलं आणि आपला माणूस भेटल्यासारखा तो हसला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच समजावा यांना. आज तुम्हाला या पायानं किती त्रास झाला असेल! रस्ता झाला तर तुमच्यासारख्यांना एक पाऊलही चालावं लागणार नाही."

एक पाऊलही! माझ्या अंगात कुठेतरी खोल, ज्या जागी ते पोलाद बसवलं आहे तिथपासून, संतापाची एक कळ वर चढत आली. मी काठीवर जोर देऊन उभी राहिले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"मी चालायलाच इथं आले," मी म्हटलं. "गाडीनंच माझा पाय मोडला आहे. माझ्या लंगडण्याचं निमित्त करून तुम्ही यांची जमीन मागू नका. माझं नाव यात घालू नका. यांनी नाही म्हटलं आहे. नाही हा शब्द समजायला शिकावं लागत नाही."

माझा आवाज चढला होता. शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो जुना आवाज माझ्याजवळ शिल्लक आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. तो गृहस्थ उठला, नम्रपणा ढळू न देता "आम्ही पुन्हा येऊ" म्हणाला, आणि ती घरघर पाण्यावरून दूर गेली. वच्छला माझ्याकडे पाहून इतकं मनापासून हसली, की मला लाजल्यासारखं झालं. "अशी पायजे बाई!" ती म्हणाली, आणि आतून गुळाचा खडा आणून तिनं माझ्या हातावर ठेवला.

त्या गुळाची गोडी फार वेळ टिकली नाही. हात धुवायला मी काठाशी उतरले, तिथे पूनम भांडी घासत होती. राखेचे हात पाण्यात बुडवून ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चांगलं बोलल्या तुमी. मले बी त्या लोकाइचा रस्ता नको. पन एक सांगू? तुमी संध्याकाळी घरी जाता."

मी दगडावर बसले. मग ती बोलत राहिली. तिवस्याच्या एका दवाखान्यात तिला काम मिळत होतं. त्यांनी दोनदा बोलावलं होतं. काठापासून पुढे जायला वाहन मिळतं. प्रश्न होता तो फक्त या पाण्याचा. भाजीचा डोंगा भल्या पहाटे सुटे; तिला घरचा दुसरा डोंगा घेऊन सकाळी जायचं होतं, संध्याकाळी यायचं होतं. गजाननची हरकत नव्हती, पण आईपुढे तो बोलत नव्हता. आणि वच्छला डोंग्याला हात लावू देत नव्हती.

"मले वल्हवता येते, बाई. वाऱ्यात बी येते. मामंजीचा भाऊ डोंगा उलटून गेला, तवापासून आत्याबाईले भेव बसलं. म्हनतात, बाईमानसानं एकटं पान्यात जाऊ नाही. काय लागते ते गजा आनून देईन." तिनं एक ताट विसळून पालथं घातलं. "तुमाले इथची शांतता गोड लागली. मले रात्री ते पानी कुंपनासारखं दिसते."

पलीकडच्या काठावर, पाण्याच्या पार दूर, आमची पांढरी गाडी एका ठिपक्याएवढी दिसत होती. तिच्याशेजारी आणखी एक ठिपका उभा होता.

मी मळ्यात परतले तेव्हा वच्छला वांगी निवडत होती. माझ्यासाठी पाटीत वेगळी काढून ठेवत होती, कोवळी, काटेरी देठांची. त्या परक्या माणसावर ओरडताना माझं काहीच पणाला लागलं नव्हतं. आता लागणार होतं. जिच्या मांडीवर माझं डोकं टेकलं होतं तिलाच दुखवायचं होतं. न बोलता निघून जाणं किती सोपं होतं, किती शिष्टसंमत होतं!

"वच्छला," मी म्हटलं, "पूनमला डोंगा नेऊ दे."

तिचे हात थांबले. "तिनं सांगतलं वाटते."

"सांगितलं."

"बाई, हे आमच्या घरचं हाये. तुमच्या घरी कोन कुठं जाते, त्यात मी बोलली का कधी?"

"बोललीस. मला इथं तूच बोलावलंस. माझ्या घरी कुणाला विचारलंस का?"

ती ताठ बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता. "तुमची गोष्ट अल्लग. पोट्टी पान्यात गेली त मी काय करू? कोनाले तोंड दाखवू? मी एक मानूस जाताना पाहिला या डोयानं. तुमी पाहुनी मानूस हा, बाई. पाहुन्यावानी ऱ्हा."

"तू या मुरमावर माती आणलीस तेव्हा लोक हसले, तरी तुझ्या सासूनं तुला अडवलं का?" मी विचारलं. भरलेली पाटी तिनं माझ्यापुढे सरकवली, पदर खोचला आणि पाठ फिरवून झेंडूच्या रांगांत निघून गेली. निरोप द्यायला ती काठापर्यंत आली नाही.

परतताना पाण्यावर उन्हं लांबली होती, पिराच्या बरडावरचा निंब सोनेरी धुरकट झाला होता, आणि मी काही गमावून चालले आहे की काही सोडून, हे मला ठरवता येत नव्हतं. काठावर हे उभे होते. दिवसभराच्या उन्हानं चेहरा रापला होता. त्यांच्या विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले आणि चिखलानं माखलेले होते. ते पाण्यात उतरले होते तर! किती आत, कशासाठी, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाडी सुरू झाल्यावर मी एवढंच म्हटलं, "उद्यापासून भाजी मी आणीन. एकटी." त्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून मी जिना उतरू लागले. पहिल्या दिवशी रस्त्याच्या कडेला मी इतका वेळ उभी राहिले, की एका दुकानदारानं खुर्ची देऊ केली. मी बसले नाही. हात वर करून, लोंढ्यात पाऊल घालून, शिव्या-हॉर्न अंगावर घेत पलीकडे गेले. वच्छला आपल्या जागेवर होती. तिनं मेथी तोलली, पिशवीत टाकली, पैसे घेतले. एका शब्दानं बोलली नाही. वरही येईनाशी झाली. पौष असा गेला. मी रोज जात राहिले, ती रोज तोलत राहिली. आमच्या दोघींच्या मधे तराजू होता आणि त्याहून जड काहीतरी होतं. हॉटेलवाले ते गृहस्थ मधल्या काळात आणखी एकदा बेटावर जाऊन आले, तिनं त्यांना परत पाठवलं, हे मला एकदा भाजी उतरवायला आलेल्या गजाननकडून कळलं. ते पुन्हा येतील. पाणी आहे, जमीन आहे, माणसांचा लोभ आहे, तोवर येतच राहतील. तिचं 'नाही' कधीपर्यंत पुरेल, कुणास ठाऊक.

माघातल्या एका सकाळी, वारा सुटला होता, रस्त्यावरचा कचरा गरगरत होता. मी गाजरं निवडत होते. वच्छला अचानक म्हणाली, "पोट्टी जाते आता."

मी मान वर केली नाही. हातातलं गाजर तसंच धरून ठेवलं.

"पंधरवडा झाला. सकाळी डोंगा सोडते. मी काठावर उभी ऱ्हाते, ते पार लागेपरेंत. मंगच गजाच्या डोंग्यानं टेम्पोची वाट धरते. रोज उशीर होते मले." तिनं तराजूचं पारडं पदरानं पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "आज वारा हाये, त जीव कसा पानी पानी झाला. लय भेव वाटते व बाई."

"तिला सांगतेस?"

"नाही सांगत. जा म्हनते."

मग तिनं न मागता मूठभर सांभार माझ्या पिशवीत टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. माझ्या मनात मात्र तो काठ उभा राहिला: वाऱ्यानं कापणारं पाणी, लहान होत जाणारा डोंगा, आणि तोंडातून एक अक्षर फुटू न देता उभी असलेली ती बाई. बंडखोरी ही जाणाऱ्यांची असते, असं मी त्या दिवसापर्यंत मानत आले होते. जाऊ देणाऱ्याला आपल्या भयाशी रोज किती झुंजावं लागतं, त्याचा हिशेब मी कधी केला नव्हता.

पिशवी खांद्याला अडकवून मी रस्त्याच्या कडेला आले. शिकवण्या नुकत्याच सुटल्या होत्या. पलीकडे, वर, आमचा सज्जा होता. तिथे या वेळी कुणी उभं असतं की नसतं, रोज असतं की आजच, कठडा घट्ट धरून की मोकळ्या हातांनी, हे मला जाणून घेता आलं असतं. नुसती मान वर करायची होती. मी केली नाही. वाहनांकडे तोंड केलं, हात उंचावला आणि रस्त्यात उतरले.